सुधाकरास पत्र : डबा अजून चालतो आहे

मिरज,
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तुझ्या पत्राला उत्तर गेले नाही, त्यावर तू मनात काय म्हणाला असशील ते मला ठाऊक आहे. कृपया ते लिहून कळवू नकोस. इकडे सर्व ठीक. माझी साखर आटोक्यात आहे, असे डॉक्टर म्हणतात. आज लिहायला बसण्याचे कारण असे, की २०१२ साली आपण दोघांनी जोडलेल्या संगणकात मी परवा आय५-३४७० हा प्रोसेसर बसवला आणि तो सुरू झाला. घरात ही बातमी सांगितल्यावर "बरं, आता जेवायला या" एवढेच उत्तर मिळाले, तेव्हा ती तुलाच सांगणे भाग आहे.

एकदम ओतायला पैसे नव्हतेच, त्यामुळे यंत्र जिथे जास्त अडवत होते तिथे आधी खर्च, असा क्रम ठेवला. पहिली एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीविना चालणारी डिस्क, आली. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यालाच आठ मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली शोधताना तोच वेळ साचत राहतो. तुझ्या लाडक्या एच६१ मदरबोर्डाचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) ३ गिगाबिटचे असल्याने एसएसडी तिच्या निम्म्याच वेगाने पळते, तरीही चहा ठेवून येईपर्यंत आता पाने जुळवायचा पेजमेकर उघडलेला असतो. मग रॅम. दुकानात मी रॅमच्या चार स्लॉटांचा बी७५ बोर्ड मागत होतो तेव्हा "चार स्लॉटांत काय लोणचं घालणार आहेस?" असे तू सगळ्यांदेखत विचारले होतेस. तुझ्या एच६१वर दोनच स्लॉट असल्यामुळे दोन-दोन जीबीची चांगली चालू जोडी काढून जुन्या बाजारातली चार-चारची बसवावी लागली. या मुद्द्यावर मी अजूनही भांडायला तयार आहे.

प्रोसेसरचे प्रकरण मात्र सविस्तर ऐक. आय५-३४७० हा आयव्ही ब्रिज पिढीचा, आणि आपल्या बोर्डाचा बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारी बोर्डावरची आज्ञावली, त्याआधीच्या सँडी ब्रिजपुरताच. म्हणजे जुना आय३-२१२० जागेवर असतानाच बायॉस अद्ययावत करायचा, आणि त्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली तर बोर्ड कायमचा गेला. आमच्याकडे विजेचा भरवसा किती ते तू जाणतोस; म्हणून आधी यूपीएसची बॅटरी बदलली, जो खर्च हिशेबात नव्हता. नंतर कूलरच्या चार प्लॅस्टिक खुंट्या फिरवून काढल्या, तर आतली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. या सॉकेटच्या नाजूक पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात, त्यामुळे विजेरी तोंडात धरून आणि श्वास रोखून तो चौकोन खाली सोडला. खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबल्या. बटण दाबल्यावर पंखा फिरला, थांबला, आणि पुन्हा फिरला. मधल्या क्षणी तू इथे असायला हवा होतास, निदान शिव्या द्यायला.

आता काळजीचे. विंडोज १०चा आधार गेल्या १४ ऑक्टोबरला संपला. सुरक्षेची वाढीव वर्षभराची सोय मी घेतली आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते. आपला हा तिसऱ्या पिढीचा. लिनक्स मिंट घाल, असे तू म्हणशील, आणि ते या यंत्रावर उत्तम चालेलही. पण पेजमेकरच्या फायली, जुने फाँट आणि त्यांचा डोंगल (परवान्याची जोडकिल्ली) यांचे तिकडे काय करू? लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे अहवाल त्यांच्यावरच निघतात. शिवाय आतापर्यंत एकेक सुटा भाग बदलता आला, तो मार्ग इथे संपतो. पुढचा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्ड नवा, बोर्ड नवा तर आताची डीडीआर३ रॅम निरुपयोगी, आणि गेल्या वर्षाच्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव असे भडकले आहेत की दुकानदारही भाव सांगताना खाली बघतो. तेरा-चौदा वर्षांच्या एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीचा, भरवसा किती, हाही प्रश्न आहेच. या डब्यात आता एक रुपयाही घालू नये, असे माझे मत होत चालले आहे. ऑक्टोबरनंतर याला इंटरनेटविना जुन्या फायलींपुरता ठेवावा आणि एखादे कार्यालयातून निघालेले आठव्या पिढीचे जुने यंत्र घ्यावे. एसएसडी तेवढी तिकडे नेता येईल.

मुंबईच्या संगणक-बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, तुझे जाणे-येणे आहे, म्हणून हे काम तुझ्यावर. यंत्र उघडून बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत ना ते पाहा, बायॉसमध्ये टीपीएम चालू होते का ते तपास, आणि एसएमपीएसचा जोड नेहमीचा चोवीस पिनांचाच आहे ना तेही बघ; कार्यालयांसाठी बनलेल्या यंत्रांत पुष्कळदा तो निराळा असतो आणि मग बदली मिळता मिळत नाही. भाव मात्र तू करू नकोस, वहिनींना पुढे कर.

धाकटीची बारावी जवळ आली ना? तिला आशीर्वाद. तुझ्या बदलीचे कळव. रॅमची जुनी जोडी कुरिअरने पाठवत आहे, तुझ्या घरच्या संगणकाला चालेल. स्लॉट शिल्लक असले तर.

तुझा,
अनंत