सीनाकाठची चिलार एका कंत्राटात निघणार नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५च्या महापुरानंतर सीना नदीच्या काठावरची चिलार, म्हणजे वेडी बाभूळ, यंत्र लावून एकदाची काढून टाका, असे माढा, मोहोळ आणि सोलापूर तालुक्यांत जागोजागी बोलले जाते. चिलार निघायलाच हवी. तिच्या फांद्या पुरात बंधाऱ्याच्या बर्ग्यांत, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांत, अडकतात, गाळ धरतात आणि पाणी शेतात शिरते. पण एकदाच्या कामाने ती जात नाही. हे काम पाच-सहा पावसाळ्यांचे आहे, आणि बरेचसे हातानेच करायचे आहे.

कारण झाडाच्या बुडख्यात आहे. खोड मुळाला मिळते तिथे, जमिनीखाली वीतभर, गाठीगाठींचा फुगीर भाग असतो. उसाच्या कांडीला असतात तसे डोळे या गाठींत असतात. वरून तोडले की ते फुटतात आणि एका खोडाच्या जागी धुमाऱ्यांचे बेट तयार होते. कोळशासाठी तोडणारे जमिनीलगत तोडतात. त्यांना पुन्हा लाकूड हवेच असते. पेटवून दिले तरी मातीखालचा बुडखा जिवंत राहतो. जेसीबीने ओढताना तो अर्धवट मोडून आत राहतो, शिवाय माती उलथून जुने बी वर येते आणि पुढच्या पावसात तिथे रोपेच रोपे उगवतात.

खणण्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस उघडलेला असतो आणि काळी माती वाफशावर असते. उन्हाळ्यात तिच्यात टिकाव शिरत नाही. लांब दांड्याच्या कोयत्याने खालच्या फांद्या छाटून आत वाट करावी. फांद्या आकडीने ओढाव्यात, हाताने नाही. पायात जाड तळव्याचे बूट हवेत. चपलेतून काटा आरपार जातो आणि टोक आत मोडले की पाय सुजतो. खोड कमरेएवढे उभे ठेवावे, म्हणजे शेवटी हलवायला धरता येते. भोवती आळे खणून बाजूची मुळे कुऱ्हाडीने तोडावीत. गाठी संपून मूळ गुळगुळीत दिसू लागले की त्याखाली, जमिनीपासून फूटभर खोल, सोटमूळ तोडावे. त्याच्या खालचे मूळ राहिले तरी चालते, ते फुटत नाही. मग पहारीने बुडखा उचकटावा आणि गाठीचा तुकडा खड्ड्यात उरला नाही ना, हे बघूनच माती लोटावी. तोडलेला काटा पात्रात टाकू नये, नाहीतर पुढच्या पुरात तोच बंधाऱ्याला जाऊन अडकतो.

उभ्या दरडीवर मात्र बुडखे खणू नयेत. तिथली माती याच मुळांनी धरलेली असते. खणले तर पुरात काठ ढासळतो. अशा जागी वरून तोड करावी आणि धुमारे गुडघ्याएवढे व्हायच्या आत वरचेवर मोडत राहावे. सोबत करंज, जांभूळ, निर्गुडी, वाळा लावावा. ही झाडे नीट धरली की मगच तिथल्या बुडख्यांना हात लावावा. मजुरांना झाडाची ओळखही हवी, नाहीतर गावठी बाभूळ आणि हिवर नाहक तोडले जातात. गावठी बाभळीचे फूल गोल, पिवळे, आणि शेंग दाण्यादाण्याला आवळलेली. चिलारीचा फुलोरा लांबट तुऱ्याचा असतो, शेंग सरळसोट आणि पिकल्यावर पिवळट.

बियांकडे सहसा कुणाचे लक्ष नसते. शेंग गोड, म्हणून शेळ्या-मेंढ्या आणि गुरे ती आवडीने खातात. कडक कवचाचे बी पोटातून साबूत बाहेर पडते आणि लवकर रुजते. शेतात मेंढ्या बसवल्या की खताबरोबर चिलारही येते. शेंगा खाल्लेला कळप आठवडाभर एकाच जागी ठेवून मग हलवावा. शेंगा वेचून, बी फुटेल अशा भरडून खाऊ घातल्या तर अधिक चांगले, चारा मिळतो आणि बी संपते. शेंगा पाण्याबरोबर खाली वाहत येतात, म्हणून साफसफाई वरच्या गावांपासून सुरू करावी. सीना भीमेला मिळते त्या कुडल संगमाकडून वर सरकत गेलो, तर साफ केलेला काठ दर पुरात पुन्हा पेरला जाईल.

त्यानंतर दरवर्षी जूनअखेर, ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा तीन फेऱ्या हव्यात. वीतभर रोप ओल्या मातीतून मुळासकट उपटते. एक वर्ष उलटले की ते तुटून हातात येते, खालचा भाग पुन्हा फुटतो आणि कुदळ घ्यावी लागते. बी मातीत वर्षानुवर्षे टिकत असल्याने एखादे वर्ष जरी सोडले, तरी ती रोपे मूळ धरून पुढे शेंगांवर येतात आणि मागचे कष्ट वाया जातात.

म्हणून आमची मागणी आहे की सीनाकाठच्या कामाच्या अंदाजपत्रकात पुढच्या पाच पावसाळ्यांच्या फेऱ्यांची मजुरी पहिल्याच वर्षी धरावी. ती रोजगार हमीतून काठावरच्या गावांतल्या मजुरांना मिळावी, आणि पहिल्या वर्षीची देयके किती झाडे पाडली यावर नव्हे, तर किती बुडखे बाहेर काढले ते मोजून द्यावीत.

आपले,
सीनाकाठचे काही शेतकरी,
ता. दक्षिण सोलापूर