तळपायाच्या मुंग्या

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल "हिमोग्लोबिन चांगलं आलंय, आई" म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्याच कागदावर बी-१२ १४८ पिकोग्रॅम आहे. २०० च्या खाली म्हणजे कमतरता. आणि तळपायांना मुंग्या येतात हे तू जाता जाता सांगितलंस.

तू फॉलिक अ‍ॅसिड घेतेयस ना, त्यानेही हिमोग्लोबिन चांगलं दिसत असेल. फॉलिक रक्त सावरतं, नसा सावरत नाही. नसांवरचं मायलिनचं आवरण टिकायला बी-१२च लागतं. रक्त ठीक दिसत राहतं, आत नसा झिजत राहतात, आणि उशीर झाला तर पूर्ण भरून येतीलच असं नाही. मुंग्या किती दिवसांपासून आहेत? गुडघ्यापर्यंत चढल्यात का?

अ‍ॅसिडिटीची गोळी तू दोन वर्षं रोज घेतेस. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. मग जठरातच तयार होणारा इंट्रिन्सिक फॅक्टर, म्हणजे एक प्रथिन, त्याला धरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषलं जातं. ही वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच पेलते. बी-१२ची गोळी १००० मायक्रोग्रॅमची असते ती म्हणूनच. त्यातलं साधारण एक टक्का या वाटेशिवायही आत झिरपतं. पण मुंग्या असताना बी-१२च्या गोळीवर विसंबू नये, आधी इंजेक्शनं घ्यावीत. डॉक्टरांना अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं आवर्जून सांग.

शिकवणी झाली, माफ कर. मांडी घालून अभ्यासाला बसायचीस, पायाला मुंग्या आल्या की रडायचीस, आणि बाबा तळवे चोळायचे. तेव्हा दोन मिनिटांत जायच्या. तपासणी स्वतःहून करून घेतलीस, याचा अभिमान वाटतो गं.

पहिल्या इंजेक्शनआधी रक्त देऊन ठेव: मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड (बी-१२ कमी पडलं की ते वाढतं) आणि इंट्रिन्सिक फॅक्टरच्या अँटीबॉडी (शरीरच त्या फॅक्टरला निकामी करतंय का, ते कळतं). रिपोर्टसाठी इंजेक्शन मात्र थांबवू नकोस. बी-कॉम्प्लेक्सच्या वेष्टनावर बी-६ किती ते वाच. ते जास्त मात्रेत बरेच महिने घेतलं तर त्यानेही मुंग्या येतात.

आज रात्री भिंतीजवळ पाय जुळवून उभी राहा आणि डोळे मिट. कुणाला तरी शेजारी थांबव. तोल जातो का, तेवढं कळव; पायांच्या नसांना जाणीव नीट आहे का, त्याचा त्यावरून अंदाज येतो. मी जागी आहे.

तुझी आई