सयामी पिल्लू काळं पडलं म्हणजे तुम्हाला फसवलं असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या बिल्डिंगमध्ये घडलेला एक प्रकार तुमच्या पेपरातून लोकांपर्यंत जावा असं फार वाटतंय म्हणून लिहितेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने गेल्या वर्षी पेट शॉपमधून सयामी मांजरीचं पिल्लू आणलं, जेमतेम महिन्याचं, दुधासारखं पांढरं आणि डोळे निळेशार, म्हणून त्यांच्या मुलीने नाव ठेवलं साखर. कानाच्या कडा जरा मळकट दिसत होत्या तर दुकानदार म्हणाला धुतलं की निघेल. निघालं तर नाहीच, उलट महिन्याभरात नाक काळपट, मग कान, मग पंजे, मग शेपटी. घरच्यांना वाटलं फंगस. हळद लावून झाली, शाम्पू झाले, आणि शेवटी "आपल्याला डुप्लिकेट माल दिलाय" म्हणत पिंजरा उचलून दुकानात परत द्यायला निघाले, तो परत घेईना, तेव्हा लिफ्टपाशी मला भेटले आणि साखर माझ्याकडे आली.

आता यात पिल्लाची काय चूक हो? सयामी मांजर असंच असतं! जन्मतः पांढरं असतं आणि मग मोठं होता होता तोंड, कान, पाय, शेपटी गडद होत जातात. कारण असं की रंग तयार करणारं जे टायरोसिनेज नावाचं एन्झाइम शरीरात असतं ते या मांजरांमध्ये अंगाच्या उबेत कामच करत नाही, जिथे कातडी जरा गार असते तिथेच करतं. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लू पांढरं. बाहेर आल्यावर कानाची टोकं, नाक, पंजे आणि शेपटी हे भाग गार पडतात आणि तिथे रंग धरतो. वय वाढलं की बाकीचं अंगही थोडं मळत जातं. हे मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. डिसेंबरात साखरचं ऑपरेशन केलं, डॉक्टरांनी डाव्या कुशीवर तळहाताएवढे केस काढले होते आणि तिथे केस परत आले ते चक्क चॉकलेटी! केस नाहीत म्हणून ती जागा गार राहिली आणि रंग धरला. पुढच्या वेळी केस गळून नवे आले तेव्हा ते पुन्हा सायीच्या रंगाचे.

निळे डोळेही त्याच कारणाने, रंग कमी म्हणून. मोबाइलचा फ्लॅश मारला तर ते लालबुंद दिसतात, घाबरू नका. काही सयामी थोडी तिरळी असतात किंवा शेपटीला गाठ असते. तिरळेपणाचं मूळ पुन्हा त्या रंगाच्या जीनमध्येच, डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाट त्यामुळे थोडी चुकते. थायलंडात, म्हणजे पूर्वीच्या सयाममध्ये, यावर गोष्ट सांगतात की राजाच्या सोन्याच्या पेल्यावर पहारा देताना एकटक बघून बघून मांजर तिरळी झाली आणि पेल्याला शेपटी गुंडाळून बसली म्हणून शेपटी वाकडी. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि ज्या काळेपणासाठी साखरला घराबाहेर काढलं त्याच काळेपणाला सयाममध्ये भाग्याचं मानत. अयुथ्थया हे त्यांचं जुनं राजधानीचं शहर, नाव आपल्या अयोध्येवरून. तिथल्या काळापासून चालत आलेली मांजरांची एक पोथी आहे, तामरा मेओ, तिच्यात या मांजराला विचियनमात म्हटलंय, यातलं विचियन म्हणजे आपलं वज्र, हिरा. अंग पांढरं आणि आठ जागा काळ्या, तोंड, दोन कान, चार पाय, शेपटी, अशी खूण पोथीत दिलीय. म्हणजे काळं झालं तरच ते खरं!

इंग्लंडात मात्र सुरुवातीला नाकं मुरडली. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे सयामी बघून कुणीतरी लिहिलं की हे तर भयानक स्वप्नातलं मांजर. पुढे 1884 मध्ये बँकॉकमधल्या ब्रिटिश कॉन्सुल, म्हणजे सरकारी प्रतिनिधी, गूल्ड यांनी आपल्या बहिणीसाठी फो आणि मिया ही जोडी आणली, त्यांची पिल्लं पुढच्या वर्षी प्रदर्शनात आली आणि मग लोक वेडे झाले. त्याआधी 1878 मध्ये अमेरिकेच्या कॉन्सुलने अध्यक्ष हेज यांच्या पत्नीला एक सयामी पाठवली होती, ती बिचारी तिकडे पोचून वर्षभरही जगली नाही. नंतर प्रदर्शनवाल्यांनी ही जात इतकी बारीक आणि टोकदार तोंडाची करून टाकली की जुन्या गोल चेहऱ्याच्या मांजराला आता वेगळं "थाई" म्हणून ओळखतात. मला विचाराल तर मला जुनाच चेहरा गोड वाटतो. अजून एक, दुकानात "हिमालयन" म्हणून विकतात त्या मांजराचा आपल्या हिमालयाशी काडीचा संबंध नाही, पर्शियन आणि सयामीचा संकर करून ती जात अमेरिकेत केली, नाव आलं तशाच रंगाच्या सशावरून.

पण रंगापेक्षा लोकांना जड जातो तो आवाज. साखर म्याव करत नाही, गळा काढते. जाड, ओढलेला आवाज, शेजारी विचारतात घरात बाळ आहे का. सयामी माणसाला चिकटून राहणारं मांजर आहे, तुमच्या मागे मागे किचनमध्ये येणार, नळ सोडला की नळापाशी, झोपलात की पांघरुणात. त्याला दहा दहा तास बंद फ्लॅटमध्ये एकटं ठेवलं तर ते ओरडणारच, आणि मग लोक म्हणतात मांजर बिघडलंय. दिवसभर घरात कुणी नसेल तर कृपा करून हे मांजर आणू नका, किंवा आणायचंच तर दोन आणा. नीट जपलं तर ही मांजरं पंधरा वर्षं सहज काढतात, तेवढा विचार आधी करा. पिल्लाची आई बघायला मागा, आईचं तोंड काळं असेल तर पिल्लाचंही होणार हे तिथेच कळतं. महिन्याचं पिल्लू घेऊच नका, ते आईजवळ अजून दोन महिने तरी असायला हवं. आणि 2018 च्या नियमांप्रमाणे पेट शॉपला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, ती आहे का हे बिनधास्त विचारा.

तुमच्या पुरवणीत निळ्या डोळ्यांच्या मांजरांचे फोटो छान येतात, त्याखाली यातल्या चार ओळी जरी छापल्यात तरी माझ्यासारखीला बरं वाटेल. वरच्या मजल्यावरची ती मुलगी आता रोज शाळेतून आली की दप्तर आमच्याच दारात टाकते. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की साखर आतून हाका मारायला लागते, आणि ती बाहेरूनच ओरडते, "आले गं, आले!"

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली