आमची राखीव जागा कुणी मागितली ते बी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की विद्यापीठात स्त्री अभ्यास म्हणून जे चालतं ते फुकटचं आहे, ना त्यातून नोकरी ना समाजाला फायदा. नवऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसला. मला काही राहवलं नाही, म्हणून मोबाईलवरच टाइप करायलेय, शुद्धलेखन तुम्हीच बघून घ्या.

मी परभणी जिल्ह्यात पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, महिला राखीव जागेवर. ही जागा कुण्या तरी पुढाऱ्याच्या मेहरबानीनं मिळाली असंच मी समजत होते. पोरगी संभाजीनगरला शिकते, तिच्याकडून खरं कळलं. स्त्रियांची स्थिती बघायला सरकारनं एक समिती नेमली होती, तिचा अहवाल १९७४ चा, आणि त्यात बहुमत विधिमंडळात आरक्षण नकोच या बाजूचं होतं. वीणा मजुमदार आणि लतिका सरकार या दोघी शिकवणाऱ्या बाया, पुढं स्त्री अभ्यास उभा करणाऱ्या, त्यांनी मात्र वेगळी टिपणी जोडली की आरक्षण पाहिजेच. त्यातही मजुमदार बाई आधी स्वतःच आरक्षणाच्या विरोधात होत्या, गावोगावच्या बायांचं ऐकल्यावर मत बदललं. असा मत बदललेला एक पुढारी दाखवा मला, पक्ष बदललेले सोडून.

पंचायतीत ३३ टक्के यायला तरी १९९३ उजाडलं, आपल्या राज्यात ५० टक्के २०११ ला, आणि लोकसभा-विधानसभेचा कायदा २०२३ ला झाला तर त्याला जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेची अट. २०२४ ला लोकसभेत ५४३ पैकी ७४ बाया निवडून आल्या. मराठवाड्याचे खासदार आठ, आठही पुरुष.

पण नुसती खुर्ची मिळून भागत नाही हे मी भोगलंय. मासिक सभा ठेवायची नेमकी टँकर यायच्या टायमाला. मी टँकर सोडून गेले तर घरात पाणी नाही आणि नाही गेले तर गैरहजर. मग प्रोसिडिंग, म्हणजे सभेच्या नोंदीची वही, घरी यायची सहीला, ठराव आधीच लिहिलेला, नवऱ्यानं म्हणायचं कर सही. मला वाटायचं मीच कमी पडते, बोलता येत नाही मला.

तर ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये सारा चाइल्ड्स नावाच्या प्राध्यापक बाईनं आत बसून सभागृह कसं चालतं तेच तपासलं, २०१६ ला रिपोर्ट दिला त्यात ४३ शिफारशी. तिचं म्हणणं असं, की बायांना सुधारायच्या आधी सभागृहाचे नियम बघा. बाळंत झालेल्या खासदार बाईचं मत दुसऱ्यानं टाकायची सोय तिथं २०१९ पर्यंत नव्हती, ट्युलिप सिद्दीक नावाच्या खासदारानं त्याच वर्षी सिझेरियन पुढं ढकललं आणि व्हीलचेअरवर मतदानाला आली, त्यानंतर काही दिवसांतच नियम बदलला. हे पोरीनं सांगितलं तेव्हा मी म्हणले, बाई, तिथं व्हीलचेअर, आमच्याकडं टँकर.

पाण्याचं निघालंच तर अजून एक. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात महिला सरपंचांच्या पंचायतींचा अभ्यास झालाय, २००४ ला छापून आला, त्यात दिसलं की महिला प्रमुख असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. करणारे अर्थशास्त्रज्ञ होते, स्त्री अभ्यासवाले नव्हते, पण असलं मोजून ठेवलेलं असलं म्हणजे भांडायला बरं पडतं. नाहीतर बायांना काय कळतंय एवढंच ऐकायचं.

म्हणून त्या पत्रवाल्या भाऊंना काही म्हणायचं नाही. आपल्या मराठवाडा विद्यापीठातही ताराबाई शिंदे यांच्या नावाचं स्त्री अभ्यास केंद्र आहे, तिथल्या पोरींना मात्र एक विनंती आहे. दिल्ली-लंडनचं वाचताच, एखादं वर्ष आमच्या मासिक सभेत पण वही घेऊन बसा, कोण बोललं, कोण उठून गेलं, सही कुठं झाली सगळं लिहा. नोटिशीवर अकरा लिहिलेलं असतं, सुरू दोनला होते, डबा घेऊन या.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य, जि. परभणी