आत्या, उलटी बाजू दाखवलीत त्याबद्दल

आदरणीय आत्या,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही इंटरनेटवर फारशा येत नाही, असं तुमच्या भाचीनं सांगितलं. म्हणून हे पत्र तिनं तुम्हाला वाचून दाखवावं, आणि आपल्या बडोद्यातल्या त्या अॅनिमे कन्व्हेन्शनला, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, आलेल्या सगळ्यांनीही वाचावं. जिन्याजवळच्या कोपऱ्यात टेबल टाकून तुम्ही बसला होता. मराठी पोरं तुम्हाला आत्या म्हणत होती, गुजराती पोरं फोई. कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव नव्हतं. तुम्ही भाचीची सोबत म्हणून आला होता आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुया, सेफ्टी पिना, हूक, इलॅस्टिक, दोन्हीकडून चिकटणारी टेप असं सगळं बरोबर आणलं होतं. दुपारपर्यंत तुमच्यापुढे मालिकांतल्या पात्रांचे पोशाख घालून आलेल्या पोरांची रांग लागली होती. त्या रांगेशेजारी मला उभं राहू दिलंत, त्याबद्दल हे आभार.

मी लग्न-मुंजींचे आणि नवरात्रात गरब्याचे फोटो काढतो. अॅनिमे मुलीबरोबर बघतो, त्यामुळे पात्रं ओळखीची होती. सभागृहातल्या उजेडाचंही मला ठाऊक होतं: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि शटर १/१०० किंवा १/५० ला ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येत नाहीत. हे माझ्या धंद्यातलं झालं. अंगावरचा कपडा कसा वाचायचा, ते मात्र तुमच्याकडून शिकलो.

तांजिरो झालेला तो मुलगा आठवतो? ‘डेमन स्लेअर’मधल्या तांजिरोची हिरव्या-काळ्या चौकड्यांची हाओरी, म्हणजे वरून घालायचा सैल जपानी अंगरखा, अशा ठिकाणी जिकडेतिकडे दिसते. बहुतेकांची छापील कापडाची असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तुम्ही त्याला लांबूनच हेरलंत. “त्याच्या खांद्यावरची शिवण बघ,” म्हणालात, “चौकडा चौकड्याला भिडलाय. तुकडे जोडून केलंय पोरानं.” मी जाऊन विचारलं, तर खरंच त्यानं हिरवे आणि काळे सुती चौकोन वेगवेगळे कापून घरच्या मशीनवर जोडले होते. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत यातलं काहीही दिसलं नसतं. मी त्याला खिडकीशी नेलं, उजेड एका बाजूनं येऊ दिला, तेव्हा प्रत्येक जोडाची बारीकशी उंची सावलीमुळे उठून आली. फोटो बघताना तो आपल्या चेहऱ्याकडे क्षणभरच बघत होता, मग बोटांनी स्क्रीन मोठी करून शिवणी बघत बसला.

जपानमध्ये नागोयाला २००३ पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट भरते. कॉस्प्ले म्हणजे असं पोशाख करून एखादं पात्र होणं. तिथल्या स्पर्धेतही पोशाख स्पर्धकानं स्वतः बनवलेला असावा लागतो. म्हणजे हे काम करणाऱ्यांच्या लेखी शिवणकामाला किती मोल आहे ते बघा. फोटो काढणाऱ्यानं फक्त ‘कोण झालाय’ एवढंच टिपायचं, हे मला आता पटत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही न बोलता शिकवलीत. पिन लावण्याआधी तुम्ही प्रत्येकाला विचारत होता, “हात लावू का बेटा?” आणि उत्तर येईपर्यंत तुमचा हात तिथंच थांबायचा. समोर घाईत असलेला कॉलेजचा पोरगा असो, नाहीतर आईबरोबर आलेली शाळकरी मुलगी. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ पासून ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ अशा अर्थाच्या पाट्या लावतात, हे मी वाचलेलं होतं. ते आचरणात कसं दिसतं, हे तुमच्या टेबलापाशी बघायला मिळालं. गरब्याच्या वर्तुळात कुणाला थांबवून विचारायला वाव नसतो. इथं असतो. मग मी प्रत्येकाला आधी ‘काढू का’ आणि त्यानंतर ‘कुठून काढू’ असं विचारायला लागलो. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्यानं पोशाख बनवलाय त्याच्याकडे हमखास तयार असतं. एक मुलगी म्हणाली, उजवीकडून काढा, डाव्या बाहीची लेस अजून लावायची राहिलीय. एकानं सांगितलं, शिरस्त्राण काढून घेतो आणि हातात धरतो, कारण त्याची आतली पट्टी बसवायला सगळ्यात जास्त वेळ गेला होता.

निळ्या विगचा किस्साही लिहून ठेवायलाच हवा. कृत्रिम केसांवर फ्लॅश पडला की ते प्लास्टिकसारखे चमकतात. मी फ्लॅश छताकडे वळवून बघत होतो. तुम्ही त्या मुलीची परवानगी घेतलीत, चिमूटभर टाल्कम पावडर तळव्यावर चोळलीत आणि विगवर हलके हात फिरवून जादाची पूड झटकून टाकलीत. चमक बसली, निळा रंग तसाच राहिला. आता ती पावडरची डबी माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत असते. मेमरी कार्डाशेजारी.

आणि तो चिलखतवाला. लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर घालतात त्या एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या चटया कापून, हीट गननं तापवून गोलाई दिलेलं खांद्यापासून कमरेपर्यंतचं चिलखत. उन्हातून स्कूटरवर आणताना डाव्या खांद्याचा जोड सुटला होता. रडवेला झाला होता बिचारा, त्याची स्टेजवर जायची वेळ होत आली होती. तुम्ही त्याला खुर्चीवर बसवलंत, पाणी दिलंत, दोन्ही कडांना रबरी सोल्युशन लावलंत आणि सांगितलंत, “आता बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. ओलं असताना जोडलंस तर पुन्हा सुटेल.” त्या थांबण्याच्या वेळात तुम्ही त्याला विचारलंत की कडा इतक्या तिरक्या आणि सफाईदार कशा कापल्या. तो सांगायला लागला आणि सांगता सांगता सावरला. जोड बसला, तो धावत गेला. माझ्या त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत मला सर्वांत प्रिय आहे तो त्याचा, बोटानं सोल्युशन वाळलं का ते बघतानाचा. अर्थात विचारून काढलेला.

पण या पत्राचं शीर्षक ज्यावरून दिलं, ते वेगळंच. पायघोळ घेराचा झगा घातलेली मुलगी कमरेचा हूक तुटला म्हणून आली होती. तुम्ही तिला विचारून झग्याची कड उलटी केलीत आणि मला हाक मारलीत, “हे बघ आधी.” आत सुती अस्तर होतं, तिच्या आईच्या जुन्या साडीचं, आणि साडीचा काठ खालच्या कडेला तसाच ठेवलेला. काठ घट्ट विणलेला असतो, त्यानं घेराला वजन येतं आणि चालताना झगा पायांत अडकत नाही, हे तिनंच सांगितलं. तुरपाईचे टाके इतके सारखे होते की तुम्ही चष्मा लावून पुन्हा बघितलेत. मग तुम्ही दोघी चणिया-चोळीवर घसरलात. नवरात्रात नऊ रात्री नाचायचं तर घेराचं वजन कमरपट्टीवर कसं पेलायचं, घाम टिपायला अस्तर सुतीच का, पुढच्या वर्षी अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून आत दोन बोटं कापड का राखायचं. मंगळबाजारातून लेस आणणाऱ्या बडोद्यातल्या बायांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तेच त्या मुलीनं एका जपानी मालिकेतल्या पात्रासाठी वापरलं होतं. मी गरब्याचे इतके फोटो काढले, पण घेराच्या आत काय असतं हे कधी बघितलं नव्हतं. तिची परवानगी घेऊन मी आतल्या बाजूचे फोटो काढले. नंतर इतरांनाही विचारलं, आणि जवळजवळ प्रत्येकानं उत्साहानं आपला पोशाख उलटा करून दाखवला. कुठं वर्तमानपत्राचा कडकपणा, कुठं छत्रीच्या काड्या, कुठं शाळेच्या दप्तराचं बक्कल.

निघताना तुम्ही म्हणालात, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंग म्युझियममध्ये जाऊन रविवर्म्याची चित्रं पुन्हा बघ, फक्त चुण्या बघ. सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये त्याच्याकडे १४ पौराणिक चित्रांचं काम सोपवलं, हे आपण बडोदेकर शाळेपासून ऐकतो. चुण्यांसाठी मी ती चित्रं पहिल्यांदाच बघितली. हात वर गेला की कापड खांद्यातून ओढलं जातं, वजन एका पायावर गेलं की दुसऱ्या बाजूचा घोळ सैल पडतो. तेव्हापासून मी कॉस्प्लेअरला ‘तलवार धरून उभा राहा’ म्हणत नाही. ‘खरंच उपस’ म्हणतो. मग कपडा आपोआप त्या पात्राचा होतो.

सगळ्यांना त्यांचे फोटो पाठवले आहेत, उलट्या बाजूचेही. तुमचा एकही नाही. तुम्ही नको म्हणालात. शिवणींच्या फोटोंचे मोठे प्रिंट मात्र तुमच्यासाठी मॅट कागदावर काढून ठेवलेत. नवरात्र जवळ आलं की तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते म्हणे, म्हणून गणपती उठले की लगेच आणून देतो. बरोबर मुलगी असेल. तिला स्वतःची हाओरी करायची आहे, तीही तुकडे जोडूनच. बारा वर्षांच्या मुलीला हिरवं आणि काळं कापड किती किती आणायचं, तेवढं भाचीकडून कळवा.

आपला,
दांडियाबाजारातला फोटोवाला