समुद्राला विचारून तारीख धरूया

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो आम्ही दोघांनी रात्री जेवणं आटोपल्यावर एकेक करून नीट पाहिले. पांढरे पडदे, फुलांची कमान, बाटल्यांत भरलेली वाळू, वाळवलेले तारामासे, आकाशात सोडायचे कागदी कंदील. लग्न हॉलमध्ये नको, आपल्या वायंगणीच्या किनाऱ्यावर हवं आणि त्यात समुद्राचं काहीतरी असावं, हे तुझं मागणं मला मनापासून आवडलं. फोनवर हे सगळं बोलून होणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी तारीख. भटजींनी फाल्गुनातले दोन गोरज मुहूर्त काढून दिलेत, शुद्ध पंचमी आणि शुद्ध दशमी. दशमीला सुट्टी जोडून येते म्हणून तुमचा दोघांचा कल तिकडे आहे, हे मला ठाऊक आहे. तरी माझं म्हणणं पंचमीच धरावी.

भरतीचा हिशोब तुला लहानपणी शिकवला होता, आठवतो का बघ. तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. दशमीचे होतात साडेसात. हा हिशोब मुंबईचा, आपल्याकडे पाणी थोडं आधी चढतं, म्हणजे सातच्या आसपास धर. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमाराला बुडतो. म्हणजे मंगलाष्टकं चालू असतानाच पाणी भरत आलेलं असणार. दशमीला उधाण नसतं, भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी चढणाऱ्या भरतीच्या, जवळपासची भरती असते, त्यामुळे लाटा मांडवात शिरतील अशी भीती नाही. पण उभं राहायला उरेल ती वरची अरुंद पट्टी, आणि ती सगळी कोरडी, भुसभुशीत वाळू. नऊवारी नेसून आणि म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून त्या वाळूतून चालायचं म्हणजे पाच पावलांत दम लागतो.

पंचमीला तीन-साडेतीनला भरून पाणी उतरायला लागेल. गोरजापर्यंत ओल्या, दाबून बसलेल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा झालेला असेल. त्याच्यावर पाय रुतत नाही, खुर्चीचे पाय कलत नाहीत, आणि रात्री नऊपर्यंत ओहोटीच असल्यामुळे पाठीमागे बघत बसावं लागत नाही. वर पश्चिमेला पंचमीची कोर असेल ती वेगळीच. शिवाय दशमी म्हणजे शिमगा तोंडावर. गावातली पोरं, वाजप, सगळे त्या गडबडीत गुंतलेले असतील, आणि मला माझा गाव तुझ्या लग्नात पूर्ण हवा आहे.

जागेचं मी पाहून ठेवलंय. होड्या ओढून ठेवतात आणि सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तो भाग सोडून, उत्तरेकडे सुरूच्या बनापाशी. किनारा आपल्यासाठी एका संध्याकाळचा मांडव आहे, रापणकरांसाठी रोजचं पोट. म्हणून मांडवाचं सामान दुपारनंतर खाली न्यायचं आणि रात्रीच उचलायचं. ग्रामपंचायत, पोलीस ठाणं आणि मेरीटाईम बोर्डाचं बंदर कार्यालय, तिन्हीकडे अर्ज देतोय. सिमेंट ओतून पक्कं काही उभं करायचं नाही. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा कायदाच आहे. मांडवाची पहिली मेढ रोवण्याआधी जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालू, आणि एक नारळ दर्याला.

आता अंतरपाट. यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय. वधूवरांपैकी एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला, म्हणजे अंतरपाट उत्तर-दक्षिण धरला जाणार. आपला किनाराही तसाच उत्तर-दक्षिण. फाल्गुनात संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो, सूर्य बुडेपर्यंत चांगला जोर धरून असतो, आणि तो त्या कापडावर थेट आडवा बसेल. धरणाऱ्या दोघांच्या हातात अंतरपाट नसून शीड आहे असं होईल. बंदरावर एका जुन्या तांडेलाला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, "मास्तर, खाली शिसा लावा. मगे बघा कसो सरळ रवता तो."

तेच करतोय. जाळ्याच्या खालच्या दोरीला ओवतात ते शिशाचे लांबट मणी त्याने मूठभर काढून दिले, वापरून गुळगुळीत झालेले. तुझी आई अंतरपाटाच्या खालच्या कडेला दोन बोटं रुंद दुमड घालून त्यात वीत-वीत अंतरावर एकेक मणी शिवून बसवते आहे, म्हणजे ते एका कोपऱ्यात गोळा होणार नाहीत. परवा अंगणात दोरीवर टाकून पाहिलं. वारा आला, कापड फुगलं, पण वर उडालं नाही. बाहेरून मणी दिसतही नाहीत. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक आपलं नेहमीचं, आणि त्या दुमडीच्या वर निळ्या रेशमाने ती कासवाच्या पिल्लांची रांग भरते आहे, सगळी एकाच दिशेला निघालेली. सातेरीच्या देवळात जाताना कासवाला नमस्कार करायचीस, ते तिला आठवलं असेल.

किनाऱ्यावर फक्त माळा, अंतरपाट आणि मंगलाष्टकं व्हावीत. होम आणि सप्तपदी घरी, खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात. वाऱ्यात होम नीट पेटत नाही, पेटलाच तर ठिणग्या सुरूच्या वाळल्या पाल्यात जातात. आणि सप्तपदीच्या तांदळाच्या राशी वाऱ्याने विसकटलेल्या मला बघवणार नाहीत. खळ्यात माटव घालू, नारळाच्या झापांचा, आपल्याच माडांचा. तुझ्या आजोबांनी घातलेल्या माटवाखाली आमचं लग्न झालं, तुझीही सप्तपदी त्याच खळ्यात व्हावी असं मला फार वाटतं. अक्षता मात्र किनाऱ्यावरच पडतील. तांदूळ थोडे आणि फुलांच्या पाकळ्या जास्त अशा करू. वाऱ्याच्या बाजूला कोणी उभं राहायचं हे तुझ्या मामाला सांगून ठेवतो.

तारामाशांचं मात्र नको म्हणतो. ते सजावटीसाठी घडवलेले नसतात. जिवंत पकडून वाळवलेला जीव असतो तो. पोवळ्याचे तुकडे तर अजिबात नकोत, पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिंपले हवे असतील तर आपल्या घरात आहेत की! तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, त्यांचं एकशिपी कालवण झालं की आई रिकाम्या शिंपल्या आता टाकत नाही. उकळून, घासून, पत्र्यावर वाळत घालते. वास गेला की आतून फिकट जांभळी झाक येते, ती बाजारच्या शिंपल्यांना नसते. मी त्यांना हातगिरमिटाने भोकं पाडतो. बिजागरीपाशी कवच जाड असतं, तिथे भोक पाडलं तर टिकतं, कडेला पाडायला गेलं की चीर जाते. सुंभात ओवून तोरणं होतील, एक माटवाच्या दाराला, बाकीची किनाऱ्यावर बांबूच्या मेढींना. वारा सुटला की वाजतात, खळखळ असा बारीक आवाज येतो. पाहुण्यांना जाताना एकेक शिंपली आणि सोबत कोकमाची पुडी द्यावी, असं आईचं मत आहे. मलाही ते तुझ्या त्या वाळूच्या बाटल्यांपेक्षा बरं वाटतं.

आकाशकंदील आणि हॅलोजन, दोन्ही नकोत. कारण तुला ठाऊक आहे. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर अंडी घालून जातात आणि फाल्गुनात पिल्लं बाहेर पडायला लागतात. अंधारात समुद्राच्या बाजूचं क्षितिज उजळ दिसतं, त्या उजेडाच्या रोखाने ती पाण्याकडे जातात. जमिनीच्या बाजूला दिवे लखलखले की उलटी फिरतात, वाळूतच भरकटतात आणि कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात. आपल्या गावातली मुलं रात्रीची जागून ती घरटी राखतात. त्यांच्याच किनाऱ्यावर आपण एका रात्रीसाठी उजेडाचा डोंगर उभा करायचा, हे मला होणार नाही. गुडघ्याइतक्या उंचीचे, समुद्राकडच्या बाजूने झाकलेले कंदील ठेवू, तेही मंगलाष्टकं आणि आहेर होईपर्यंत. मग सगळे वर खळ्यात जेवायला. फोटोवाल्याला हे आधीच सांग, ऐनवेळी वाद नको. वन खात्याच्या माणसाशी मी बोलतो आणि कासवमित्र मुलांना आपल्या पंगतीला पहिलं बोलावणं.

फुलांचं काय आणायचं हा प्रश्नच नाही. फाल्गुन म्हणजे सुरंगी. आसोलीहून पहाटे कळ्या काढलेल्या मागवू, उन्हं वर आली की त्या उमलतात आणि गजऱ्याच्या कामाच्या राहत नाहीत. तुझ्या अंबाड्यात सुरंगीचा वळेसार असावा, हा आईचा हट्ट आहे आणि यात तिला कोणी अडवू नये. माळा अबोली आणि तुळशीच्या. बाहेरून ट्रकने आणलेला गुलाब वाऱ्याने लवकर माना टाकतो.

जेवण मी फार लिहीत नाही, ते आईचं आणि काकूंचं राज्य आहे. ओल्या काजूची उसळ त्या दिवसांत मिळेल, फणसाच्या कुयऱ्यांची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे, सोलकढी, आणि गोडाला नारळाच्या रसातले शिरवाळे. नागपूरच्या मंडळींसाठी ठेचा वेगळा करू. आंबे विचारतील सगळेच, पण हापूस तेव्हा हवा तितका नसतो, हे आधीच सांगून टाक. पानं केळीची, पाणी माठातलं आणि आल्या-आल्या शहाळं. प्लॅस्टिकची एक बाटली किनाऱ्यावर दिसता कामा नये, वाऱ्याने ती थेट पाण्यात जाते.

बाय, समुद्रकिनाऱ्यावरचं लग्न म्हणून हल्ली जे पॅकेज देतात त्यात समुद्र नुसता फोटोच्या मागे असतो. तू याच पाण्यात पोहायला शिकलीस, याच वाळूत पडून गुडघे फोडलेस. तुझ्या लग्नाची वेळ त्याची भरती बघून ठरावी, तुझ्या अंतरपाटाला त्याच्या जाळ्याचं शिसं असावं, असं मला वाटतं. तुला यातलं काही नको असेल तर मोकळेपणी सांग. लग्न तुमचं दोघांचं आहे, आणि जावईबापूंनाही हे पत्र वाचायला दे. त्यांच्याकडची एखादी रीत यात बसवायची राहिली असेल तर तीही कळवा, जागा करू.

दोन गोष्टी लवकर कळव. पंचमी की दशमी, भटजी शनिवारपर्यंत थांबतील. आणि व्याह्यांकडच्या आजींना वाळूवर कितपत चालता येतं ते विचार. सुरूच्या बनापासून खाली मांडवापर्यंत काथ्याच्या चटया अंथरायच्या ठरवल्या आहेत, पण गुडघ्यांचं दुखणं असेल तर चार पोरांना सांगून त्यांची खुर्ची उचलून नेऊ. त्यांनी समुद्र अजून पाहिलेला नाही असं तू म्हणाली होतीस, तर त्यांना मुहूर्ताच्या तासभर आधीच खाली नेतो. गर्दीच्या आधी निवांत बघू देत त्यांना.

कुडाळला उतरणार की सावंतवाडीला तेही लिही, गाडी पाठवतो.

तुझा,
बाबा