टॉवरला मंजुरी मिळाली, पाणी कुठून आणणार?

महोदय,

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या बुटक्या इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी वीस-बावीस मजल्यांचे टॉवर चढत आहेत. आमच्या इमारतीचाही पुनर्विकास ठरला आहे. माझा त्याला विरोध नाही, हे आधीच सांगते. छताचा गिलावा जेवणाच्या ताटात पडतो, पावसाळ्यात बटणाला हात लावायची भीती वाटते. अशा घरात राहणाऱ्याला ‘पर्यावरणासाठी थांबा’ म्हणणे ज्याचे घर गळत नाही त्यालाच परवडते.

सोसायटीच्या सभेत विकासकाच्या माणसाने कार्पेट (घराचे आतले क्षेत्रफळ), कॉर्पस (रहिवाशांना मिळणारी ठोक रक्कम), भाडे, पार्किंग सगळे तोंडपाठ सांगितले. मी विचारले, “आणि पाणी?” तर म्हणाला, “ताई, एनओसी मिळते, टेन्शन घेऊ नका.” मग घरी येऊन मीच आकडेमोड केली. आज ४० बिऱ्हाडे आहेत, आराखड्यात १२० आहेत. वाढलेल्या ८० घरांत घरटी चार माणसे आणि माणशी १३५ लिटरचा सरकारी मापदंड धरला, तरी रोज ४३ हजार लिटर पाणी जादा लागणार. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर, तेही एकट्या आमच्या इमारतीसाठी. वसाहतीत रांगेत उभ्या असलेल्या इमारतींचा गुणाकार ज्याने त्याने करावा.

आता शहराची तिजोरी बघू. मुंबईला पाणी देणारे सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा होतो १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. शहराला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी दिले जाते. भागाकार केला तर साठा जेमतेम वर्षभराचा निघतो. शिल्लक अशी काही नाहीच. पाऊस लांबला की थेट कपात होते. २०२४ मध्ये ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली होती. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा तर पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा लागू करावा लागला. टँकर थांबले म्हणून आपत्ती जाहीर होत असेल, तर या शहराची नवी बांधकामे आणि कित्येक सोसायट्या नेमक्या कशावर चालतात, हे वेगळे सांगायला नको.

गंमत अशी, की तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरच फिरतात. तेवढ्यानेही भागत नाही म्हणून आता वाडा तालुक्यातले गारगाई धरण पुन्हा पुढे आणले जात आहे. त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळेल आणि त्यासाठी तानसा अभयारण्यातले जंगल बुडेल, आदिवासींची गावे उठतील. मुंबईतली गळती आणि चोरी आटोक्यात आणली, तरी यातले बरेच पाणी घरच्या घरी सापडेल. पण गळती शोधायच्या कामाला कोनशिला बसवता येत नाही, उद्घाटन करता येत नाही.

रुळांच्या पलीकडे पार्कसाइटचा डोंगर आहे. तिथे पाणी सुटायच्या वेळेला गेलात तर गटारातून बोटभर जाडीच्या प्लास्टिकच्या नळ्या जुडीने वर चढताना दिसतील. ज्याची मोटर जोरदार त्याच्या पिंपात पाणी पडते, शेजारची नळी नुसती हवा फेकते. पालिकेच्या नियमातच वर्षानुवर्षे झोपडपट्टीला माणशी ४५ लिटर धरलेले आहेत. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, झोपडी बेकायदा म्हणून ते नाकारता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले. २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ धोरणही आले. वस्तीतला माणूस मात्र अजून नळाच्या अर्जामागे धावतो आहे. हे लोक हौसेने डोंगरावर राहायला गेलेले नाहीत. परवडणारी जागा तेवढीच उरली होती. जुलै २०२१ मध्ये सूर्यनगरला दरड कोसळून माणसे गेली, ती याच डोंगरउतारावर.

आमच्या वसाहतीत दोन इमारतींमध्ये मातीची जागा असायची. आंबा, बदाम, गुलमोहर, पोरांचे क्रिकेट, वाळवणे सगळे तिथेच. पाऊस तिथे मुरायचा. नव्या आराखड्यात कुंपणापासून कुंपणापर्यंत पोडियम, म्हणजे सिमेंटचा उंच चौथरा, आणि त्याखाली पार्किंग आहे. झाडे कुंडीत, तीही तिसऱ्या मजल्यावर! मुरणारे पाणी आता रस्त्यावर येणार. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळलेला २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना यापुढचे सांगायला नको.

वाढीव एफएसआय (भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी) देण्याआधी त्या वॉर्डात आज किती पाणी येते, मंजूर इमारतींना किती लागेल आणि त्यात झोपडवस्तीचा वाटा किती, याचा ताळेबंद पालिकेने जाहीर करावा. ताळेबंद जुळत नसेल, तर तो जुळेपर्यंत विक्रीच्या मजल्यांना ओसी (राहायला जाण्याचा दाखला) देऊ नये. जुन्या रहिवाशांची घरे मात्र अडवू नयेत. भूखंडाचा काही भाग उघड्या मातीचा राहावा आणि फ्लशला पिण्याचे पाणी वापरू नये, हेही करारात यावे. भुयारी रेल्वे खोदणाऱ्या शहराला इमारतीत फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन टाकणे अवघड नाही.

विकासकाशी होणाऱ्या करारात या शेवटच्या दोन अटी घालाव्यात, असा अर्ज मी सोसायटीत फिरवते आहे. सात-आठ जणांनी सह्या केल्या आहेत. बाकीचे म्हणतात, “आधी चावी हातात पडू दे, मग पाण्याचे बघू.”

— एक रहिवासी, कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)